उलट्या मुद्रेचा ठसा
('सुलतानाचें स्वप्न' व स्त्रीराज्याच्या कथा)

गेल्या वर्षीं एका महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागानें 'स्त्रियांनीं लिहिलेलीं कल्पनाराज्यें' या विषयावर एक चर्चावर्ग चालविला होता. संस्कृत वाङ्मयांतील स्त्रीराज्यासंबंधीं एक व्याख्यान द्यावें म्हणून प्रस्तुत लेखकास बोलावणें आलें. व्याख्यान एका तासाचें होतें. परंतु तें संपल्यावर ज्या शंका निघाल्या त्यांचीं उत्तरें मजपाशीं नव्हतीं, आणि शाळेची नोकरी संपून बरींच वर्षें झालीं असल्यामुळें घरीं परतण्याची घाईहि नव्हती. सबब पुढील दहा आठवडे मी त्या वर्गांत मागच्या बांकावर जाऊन बसलों. बोलाविलें होतें शिकवावयास. पण जें झालें तें बहुतांशीं शिकणेंच झालें. त्या दहा आठवड्यांत जें वाचलें व ऐकलें त्यांतून एक मत बनलें. तें इतिहासाच्या अभ्यासकांपुढें परीक्षणार्थ ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कल्पित कथेचा इतिहाससंशोधनाशीं संबंध काय, ही शंका येथें कोणीहि घेईल. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं अस्सल पत्रांपुढें बखरींनासुद्धां दुय्यम स्थान दिलें. मग जें घडलेंच नाहीं आणि घडलें असा दावाहि ज्याचा कर्ता करीत नाहीं, तें साधन कसलें? माझें उत्तर असें कीं, मुद्रेवरील अक्षरें उलटीं कोरलेलीं असतात. नुसती मुद्रा हातीं घेऊन ती वाचूं पाहणारा फसतो. परंतु तिचा ठसा घेतला कीं तींच अक्षरें सुलट दिसतात. कांहीं कल्पनाराज्यें याच प्रकारचीं आहेत. त्यांतील राज्य कोठेंहि नसतें. पण तें ज्याच्या उलट कोरलेलें असतें, तें घर, तो वाडा, तो कायदा मात्र खराखुरा असतो.

प्रथम शब्दाविषयीं. सर टॉमस मूर यानें 1516 सालीं आपल्या ग्रंथास जें नांव दिलें त्यांत 'नसलेलें स्थान' आणि 'चांगलें स्थान' अशा दोन्ही अर्थांचा श्लेष आहे. वर्गांत एका विद्यार्थ्यानें त्याला 'मनोराज्य' हा प्रतिशब्द सुचविला. शब्द शुद्ध संस्कृत आहे, पण मराठींत त्यावर शेखमहंमदाचा शिक्का बसला आहे. मनोराज्य करणारा म्हणजे लाथेसरशीं आपलींच भांडीं फोडून घेणारा. मीं तो शब्द नाकारला व 'कल्पनाराज्य' सुचविला. पुढें, विशेषतः स्त्रियांचे ग्रंथ वाचतांना, मला असें वाटूं लागलें कीं मी नाकारलेल्या शब्दांतील उपहास हाच तर विषयाचा अर्धा भाग आहे! असो.

आतां आपल्याकडील स्त्रीराज्य. महाभारताच्या शांतिपर्वांत, चवथ्या अध्यायांत, कलिंगराजाच्या कन्येच्या स्वयंवरास जमलेल्या राजांची यादी आहे. तींत स्त्रीराज्याचा अधिपति म्हणून आलेला शृगाल हा पुरुषच आहे. नांव स्त्रियांचें, गादी पुरुषाची! वराहमिहिरानें बृहत्संहितेंत या देशाची गणना वायव्येकडील देशांत केली आहे. कामसूत्रकार तेथील रतिविषयक चाली सांगतो. कल्हणाच्या राजतरंगिणींत ललितादित्याचें सैन्य दिग्विजयाच्या ओघांत तेथें पोंचतें, तेव्हां त्या देशच्या स्त्रिया सैनिकांना जिंकतात त्या शस्त्रांनीं नव्हे, रूपानें. जैमिनीच्या अश्वमेधांत, आणि त्यावरून श्रीधरानें केलेल्या मराठी ग्रंथांत, प्रमीला घोडा अडविते, अर्जुनाशीं झुंजते, आणि अखेर त्याला वरून हस्तिनापुराची वाट धरते. आपल्या घरोघरीं वाचला जाणारा ग्रंथ म्हणजे 1819 चा नवनाथभक्तिसार. त्यांत मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यांत राणीच्या मोहांत गुंततो आणि गोरक्ष वेष पालटून, मृदंगाच्या नादांतून गुरूस जागें करून, तेथून सोडवून आणतो.

हें सर्व मीं व्याख्यानांत क्रमानें सांगितलें. तीसएक वर्षें मी शाळेंत प्रमीलेची आणि मच्छिंद्राची कथा अशीच सांगत आलों होतों. मुलगे हंसत, मुलीहि हंसत, निदान हंसत असाव्यात असें मी धरून चाललों होतों. व्याख्यान संपल्यावर एका विद्यार्थिनीनें विचारलें, "गुरुजी, प्रमीला हस्तिनापुरास गेल्यावर मागें तिच्या राज्याचा कारभार कोणीं पाहिला?" मीं म्हटलें, कथा घोड्याबरोबर पुढें जाते. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्या राज्याला घोडा येण्यापूर्वींहि कांहीं नव्हतें आणि घोडा गेल्यानंतरहि कांहीं नाहीं." मीं घरीं येऊन पोथ्या पुन्हां चाळल्या. मुलीचें म्हणणें खरें होतें. या कथांत स्त्रीराज्यांतील शेत कोण नांगरतो, न्याय कोण करतो, मुलींना कोण शिकवितो, याविषयीं एक अक्षर नाहीं. स्त्रीराज्य ही येथें पुरुषाच्या वाटेंतील एक अडचण आहे. वीराला ती जिंकावयाची असते आणि योग्याला तींतून सुटावयाचें असतें. मुक्काम म्हणून त्या देशाची मोजणी कोणींच केली नाहीं.

ती मोजणी ज्या ग्रंथांत मला प्रथम दिसली, त्याकडे आतां वळतों. 'सुलतानाज् ड्रीम' ही बेगम रोकेया सखावत हुसेन यांची इंग्रजी कथा 1905 सालीं मद्रास येथून निघणाऱ्या 'इंडियन लेडीज् मॅगेझीन'मध्यें छापली गेली. 1908 सालीं ती कलकत्त्यास पुस्तकरूपानें निघाली, आणि पुढें बाईंनीं स्वतःच ती बंगालींत उतरवून आपल्या 'मोतीचूर' या संग्रहाच्या दुसऱ्या भागांत घातली. लेखिकेचा जन्म 1880 सालचा, रंगपूर जिल्ह्यांतील पैराबंद गांवचा. हा भाग आज बांगलादेशांत मोडतो. घर जमीनदाराचें, पडदा कडक. इंग्रजी अक्षरें थोरल्या भावानें रात्रीं, घरचीं माणसें निजल्यावर, गुपचूप शिकविलीं. पति सखावत हुसेन भागलपुरास डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. ते फिरतीवर असतां वेळ घालविण्यासाठीं बाईंनीं ही कथा लिहिली. परत आल्यावर त्यांनीं ती उभ्याउभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, अशा अर्थाचा उद्गार काढला, असें बाईंनींच लिहून ठेविलें आहे.

कथा लहान आहे. सुलताना आपल्या शयनगृहांत आरामखुर्चीवर पडून हिंदी स्त्रियांच्या स्थितीचा विचार करीत असते. सारा नांवाची मैत्रीण येऊन तिला फिरावयास नेते, आणि सुलताना एका अशा देशांत येते कीं जेथें रस्त्यावर केवळ स्त्रिया आहेत. सुलतानेला भर दिवसा पडद्याबाहेर चालण्याचा संकोच वाटतो. तिकडे तिच्या चालण्यास 'पुरुषी' म्हणून हंसतात, आणि पुरुषी म्हणजे भित्री व लाजाळू असा त्या देशचा अर्थ निघतो. पुरुष कोठें आहेत? ते 'मर्दान्यां'त आहेत. मुलें सांभाळतात, स्वयंपाक करतात. कचेऱ्या स्त्रिया चालवितात, आणि पुरुषांचा चिरूट ओढण्यांत जाणारा वेळ वांचत असल्यामुळें दिवसाचें काम त्या दोन तासांत उरकतात. राणीच्या आज्ञेनें मुलींच्या शाळा झाल्या. एकवीस वर्षांच्या आंत विवाह बंद झाला. दोन स्त्री-विद्यापीठें निघालीं. एका विद्यापीठानें मेघांतील पाणी ओढून घेण्याची युक्ति काढली, दुसऱ्यानें सूर्याची उष्णता सांठविली. पुरुष त्या वेळीं सैन्य वाढविण्यांत गुंतले होते आणि या शोधांस थट्टेनें उडवून लावीत होते. पुढें शेजारच्या राजानें स्वारी केली. कारण काय, तर तिकडून राजकीय अपराध करून आलेल्या लोकांना राणीनें आश्रय दिला होता, आणि शरणागतांस बाहेर काढणें तिच्या तत्त्वांत बसेना. (शिबिराजाची कथा पाठ असलेल्या माझ्यासारख्याला येथें क्षणभर थांबावें लागलें.) पुरुषांचें सैन्य हरलें. तेव्हां विद्यापीठाची मुख्याधिकारिणी दोन हजार विद्यार्थिनींसह रणांगणावर गेली व तिनें सांठविलेलें सूर्यतेज शत्रूवर सोडलें. त्यापूर्वीं तिनें एक अट घातली होती: स्त्रिया बाहेर पडणार, तेव्हां पडद्याच्या मर्यादेसाठीं पुरुषांनीं घरांत जावें. ते गेले, आणि पुन्हां बाहेर आले नाहींत.

'मर्दाना' या शब्दाकडे वर्गांत कोणाचें लक्ष गेलें नाहीं. सर्वांनीं तो 'जनाना'वरून बाईंनीं घडविलेला गंमतीचा शब्द समजून सोडून दिला. वस्तुतः तो जुनाच शब्द आहे. मुसलमानी वाड्याचे दोन भाग, आंतला जनाना व बाहेरचा मर्दाना. मर्दाना म्हणजे बैठकीचा, पाहुण्यांचा, मोकळा भाग. बाईंनीं शब्द नवा केला नाहीं. फक्त दाराची कडी दुसऱ्या बाजूस लावली. मोकळा भाग तोच तुरुंग झाला. ही कोरणी ज्यानें तो वाडा आंतून पाहिला आहे त्याचीच असूं शकते.

दुसरें उदाहरण याहून बारीक. सारा आपलें स्वयंपाकघर दाखविते. तेथें धूर नाहीं, कोळसा नाहीं, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतें. परंतु त्याआधीं लेखिका सहज सांगून जाते कीं, मी जाणार म्हणून पुरुषांना तेथून हलण्यास सांगितलें होतें. जनान्यांत परपुरुष येणार असला कीं स्त्रियांना दुसऱ्या दालनांत सरकवीत; दोन बोलांची ती आज्ञा, तो पायांचा लगबगीचा आवाज, तो रिकामा झालेला चौक या वाक्यांत आहे. आपल्याकडील कागदपत्रांत जनान्याच्या खर्चाचे आंकडे सांपडतात, तनखे सांपडतात, दागिन्यांच्या याद्या सांपडतात. पाहुणा आला असतां चौक कसा रिकामा होई, हें कोणत्याच कारकुनानें लिहिलें नाहीं; लिहिण्याजोगें तें त्याला वाटलेंच नसावें.

तिसरें उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. त्या देशांत प्रवास आकाशयानानें होतो. रेलगाडी नाहीं, फरसबंद रस्तेहि नाहींत. सुलताना लागलीच म्हणते कीं, मग येथें रेलचे अपघात होत नसतील. वर्गांत हें वाक्य यंत्रयुगावरील टीका म्हणून वाचलें गेलें. तसा अर्थ होऊं शकतो. परंतु याच लेखिकेनें 1931 सालीं 'अवरोधवासिनी' नांवाचें लहान पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत पडद्याच्या सत्तेचाळीस हकीकती आहेत. त्यांपैकीं एक कियूल स्टेशनवरची. गाडी बदलतांना एक बाई बुरख्यांत पाय अडकून फलाट व गाडी यांमध्यें रुळावर पडली. हमाल धांवले, बरोबरच्या दासीनें ओरडून सांगितलें कीं परक्यानें बिबीसाहेबांच्या अंगास हात लावूं नये. एकटीच्यानें तिला ओढवेना. गाडी अर्धा तास थांबली व मग सुटली. बाई अकरा तासांनीं मेली. ती लेखिकेच्या सासरच्या नात्यांतील होती. 1905 मधलें तें वाक्य या प्रसंगावरूनच आलें असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणावयास प्रसंगाची तारीख हवी, आणि पुस्तक कथेनंतर सव्वीस वर्षांनीं निघालें. मी एवढेंच म्हणतों कीं, हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं. एक मुद्रा आहे आणि दुसरा तिचा ठसा.

यावरून 'सूड' या उद्गाराचा निकाल लावतां येतो. वर्गाचा एकंदर कल त्या शब्दाकडे होता: बाईंनीं पुरुषांना जसेंच्या तसें परत केलें, ही या कथेची गंमत व हीच मर्यादा. मला हें मान्य नाहीं. कथेंत दोन जातींच्या गोष्टी आहेत. कांहीं उलटविलेल्या: मर्दाना, चिरूट, रिकामें केलेलें स्वयंपाकघर. कांहीं नव्यानें घातलेल्या: विद्यापीठें, विवाहाचें वय, देहांतशिक्षेचा अभाव, शरणागताचें रक्षण. उलटविलेला भाग पुराव्याचा आहे, नवा भाग संकल्पाचा. सूड घेणारा माणूस पहिल्या भागावर थांबतो. या बाई थांबल्या नाहींत. पति 1909 सालीं वारले. त्याच वर्षीं त्यांनीं भागलपुरास मुलींची शाळा काढली, आणि तेथून निघावें लागल्यावर 1911 सालीं कलकत्त्यास आठ मुली घेऊन ती पुन्हां उभी केली. 1932 सालीं मृत्यु येईपर्यंत त्या ती शाळा चालवीत होत्या. शाळेंत मुली आणण्यासाठीं गाड्यांनाहि पडदे लावावे लागत. दोन हजार विद्यार्थिनींचें विद्यापीठ ज्या बाईनें लिहिलें, तिच्याच हातून आठ मुलींची शाळा निघाली. मी स्वतः शाळामास्तर असल्यामुळें या दोन आंकड्यांमधील अंतर मला कोणत्याहि टीकाकाराहून जास्त कळतें, असें म्हटल्यास तो गर्व समजूं नये.

विनोदाच्या बाबतींतहि सूड हा शब्द अपुरा आहे. कथेच्या अखेरीअखेरीस कांहीं पोलीस अधिकारी व जिल्हा मॅजिस्ट्रेट मर्दान्यांतून राणीकडे अर्ज करतात: लष्करी अंमलदार कैदेस पात्र असतील, पण आम्हीं कामांत कसूर केली नाहीं, आम्हांस जागेवर घ्यावें. राणी परिपत्रक काढते कीं, गरज पडल्यास बोलावूं. तूर्त आहां तेथेंच असावें. इंग्रजी अमदानींतील कचेरीची भाषा इतक्या थोडक्यांत आणि इतक्या हुबेहूब मीं अन्यत्र वाचली नाहीं. ती एका डेप्युटी मॅजिस्ट्रेटाच्या पत्नीनें लिहिली आणि स्वतः त्या डेप्युटी मॅजिस्ट्रेटानें ती उभ्याउभ्या वाचली, हें ध्यानांत घेतां त्या घरांत थोडें हंसूंहि झालें असेल असा माझा तर्क आहे. तर्क म्हणूनच तो घ्यावा.

दोष आहेत, ते झांकण्याचें कारण नाहीं. त्या देशांत नांगर विजेवर चालतो म्हटलें, पण विजेचीं यंत्रें कोण घडवितो, कापड कोण विणतो, हें कथेंत नाहीं. धनी व चाकर हा भेद जणूं पडद्याबरोबरच नाहींसा झाला, असें लेखिका धरून चालते. सूर्यतेजानें शत्रूचें सैन्य भाजून काढणें आणि त्याच देशाचा धर्म प्रेम व सत्य हा आहे म्हणून सांगणें, यांतील विसंगति तिला जाणवलेली दिसत नाहीं. वर्गांतील एका मुलानें विचारलें कीं, मर्दान्यांत जन्मलेल्या मुलाचा अपराध कोणता? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर द्यावयाचें तर प्रथम तोच प्रश्न जनान्यांत जन्मलेल्या मुलीसंबंधीं विचारावा लागतो, आणि लेखिकेला वाचकास नेमकें तेथवरच आणावयाचें होतें. पण म्हणून त्या मुलाच्या शंकेचें समाधान झालें असें नव्हे.

वर्गाच्या यादींत अमेरिकन ग्रंथ पुष्कळ होते. त्यांतील शार्लट पर्किन्स गिल्मन हिची 'हरलँड' कादंबरी 1915 सालीं तिच्याच मासिकांत क्रमशः आली व पुस्तकरूपानें 1979 सालीं निघाली. तिच्यांत दोन हजार वर्षें केवळ स्त्रियांचाच देश आहे. तेथें पुरुष नाहींतच, आणि संतति पुरुषावांचून होते. मेरी ब्रॅडली लेन हिच्या 'मिझोरा'चें पुस्तक 1890 चें; तिच्या राज्यांत पुरुषांबरोबर काळ्यासांवळ्या वर्णाचाहि लोप करून टाकला आहे, आणि लेखिकेला त्याचा अभिमान आहे. कलाकुसरींत गिल्मनबाई रोकेयांहून सरस खऱ्या. पण जो अडचणीचा त्याला नाहींसा करून आदर्श राज्य उभारणें सोपें असतें. रोकेयांनीं पुरुषांना नाहींसें केलें नाहीं. घरांत ठेविलें, मुलें सांभाळावयास दिलीं, त्यांचे अर्जहि ऐकले. कारण त्यांचा प्रश्न सृष्टीचा नव्हता, घराचा होता. आणि घरांत दोघांनाहि राहावयाचें असतें.

आणखी एक गोष्ट वर्गांत निघाली नाहीं, ती आपल्या क्षेत्रांतील म्हणून नमूद करतों. 1905 सालीं हिंदुस्थानांत एक स्त्रीराज्य प्रत्यक्ष चालूं होतें. भोपाळच्या गादीवर 1819 पासून 1926 पर्यंतच्या काळांत बहुतेक वेळ चार बेगमांनीं राज्य केलें. त्यांतील चवथी सुलतान जहाँ बेगम 1901 सालीं गादीवर आली, आणि 1920 सालीं अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाची पहिली कुलपति झाली. ती बुरख्यांतून राज्य करीत असे. रोकेयांच्या कथेवर भोपाळची छाया आहे असें दाखविणारा कागद मजजवळ नाहीं. परंतु मुसलमान स्त्री राज्य चालविते ही कल्पना त्या काळच्या वाचकाला आपण समजतों तितकी स्वप्नवत् नव्हती, एवढें लक्षांत ठेवावें. आपल्याकडे तर महेश्वरास अहिल्याबाईंनीं अठ्ठावीस वर्षें कारभार केलेला. नवनाथांतलें स्त्रीराज्य वाचतांना महेश्वर आठवावें, असें मला तीस वर्षांत सुचलें नाहीं.

आतां मराठीकडे. ताराबाई शिंदे यांचें 1882 चें 'स्त्रीपुरुषतुलना' वर्गाच्या यादींत होतें, पण तें कल्पनाराज्य नव्हे. तो सरळ जाब आहे. खरें कल्पनाराज्य यादींत नव्हतें. काशीबाई कानिटकर (1861–1948) यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी 1928 सालीं प्रसिद्ध झाली. तींत एका संस्थानाचा कारभार स्त्रीच्या हातीं येतो आणि त्या कारभारांत स्त्रियांना विद्या व अधिकार मिळतात. आकाशयान नाहीं, सूर्ययंत्र नाहीं. काशीबाईंनीं आपलें राज्य संस्थानी हिंदुस्थानाच्या नकाशांत बसेल असें बेतलें. मुद्रेचा दृष्टान्त येथें पुरा लागू पडत नाहीं, कारण अक्षरें उलटीं कोरलेलींच नाहींत. कल्पकतेंत ही कादंबरी रोकेयांच्या कथेहून उणी आहे, आणि लांबणहि तिला बरीच आहे. परंतु कारभार कोणीं पाहिला, हा जो प्रश्न त्या विद्यार्थिनीनें मला प्रमीलेसंबंधीं विचारला, तो मराठींत विस्तारानें हातीं घेणारें पुस्तक हेंच. आणि तेंच चर्चावर्गाच्या यादींत नसावें, याचा दोष इंग्रजी विभागाकडे जितका तितकाच आम्हां मराठी-संस्कृतवाल्यांकडेहि जातो. कै. मीरा कोसंबी यांनीं काशीबाईंच्या लेखनाचा इंग्रजींत परिचय करून दिला, तेव्हां कोठें बाहेरच्यांना त्याचा पत्ता लागला.

या कादंबरीची 1928 ची प्रत मला एका गांवच्या वाचनालयांत, बांधणी सुटलेल्या स्थितींत पाहावयास मिळाली. काशीबाईंनीं तींतील संस्थानाचा कारभार बेततांना कोणतें खरें संस्थान डोळ्यांपुढें ठेविलें होतें, हें त्यांच्या पत्रव्यवहारावरून ठरविण्यासारखें आहे. वाचकांपैकीं कोणाकडे तत्संबंधीं कागद असल्यास त्यांनीं ते या त्रैमासिकाकडे पाठवावे. त्या विद्यार्थिनीनें नकला करून घेण्याचें काम आपणहून पत्करलें आहे.